उद्याची चिंता आणि केडगावच्या विहिरी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना अन्नवस्त्राच्या विवंचनेविषयी जो उपदेश केला आहे, तो ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसालाही थोडाफार ऐकून ठाऊक असतो. पाखरांना कोठार नसते, रानफुलांना चरखा नसतो, तरी त्यांचे भागते. मग माणसाने उद्याचे ओझे आजच डोक्यावर का घ्यावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. लूकच्या शुभवर्तमानात याच उपदेशाच्या आधी एका सधन शेतकऱ्याची गोष्ट येते. त्याला अमाप पीक आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला, पुढील अनेक वर्षांच्या सुखाचे चित्र रंगवले, आणि त्याच रात्री त्याचा प्राण गेला. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आयुष्याला सकाळच्या धुक्याची उपमा दिली आहे. व्यापारासाठी उद्या अमक्या गावी जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू, असे छातीठोकपणे बोलणाऱ्यांना उद्देशून ती उपमा आहे. आयुष्य अल्प आहे आणि उद्याचा दिवस आपल्या हाती नाही, या दोन गोष्टी ख्रिस्ती धर्मग्रंथात अशा नेहमी हातात हात घालून येतात.

हा उपदेश कोणापुढे झाला हे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. गालील प्रांतातील कोळी, कुळे आणि रोजंदारीवर राबणारी माणसे हे त्याचे पहिले श्रोते होते. ज्याच्या घरी आजच्या जेवणाचीही शाश्वती नाही अशाला चिंता करू नको असे सांगणे सोपे नसते. किंबहुना तसे सांगणाऱ्याचाच राग येण्याचा संभव अधिक. त्याच अध्यायात जी प्रार्थना शिकवली आहे तिच्यात मागणे आहे ते केवळ आजच्या भाकरीचे. सधन शेतकऱ्याची गोष्ट मात्र साठा करणाऱ्याला उद्देशून आहे. एकच शिकवण भुकेल्याला धीर देते आणि कोठारवाल्याला दचकवते.

भाषांतरांनीही या उपदेशाला बरेच हाल सोसायला लावले आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन कुरतडणारी, माणसाला आतून दुभंगून टाकणारी काळजी असा आहे. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्यासाठी जो शब्द योजला, त्याचा त्या काळचा अर्थ घोर किंवा काळजी असा होता. पुढे तो अर्थ लोपला आणि त्या शब्दाला नुसत्या विचाराचा अर्थ उरला. परिणामी उद्याचा विचारच करू नका असे येशू सांगतो, असा समज इंग्रजी वाचणाऱ्यांत पसरला, आणि ख्रिस्ती धर्म माणसाला अविचारी बनवतो असा आक्षेप त्यावरून घेतला गेला. मराठीत चिंता हा शब्द वापरला गेल्याने तो घोटाळा टळला. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला, हे आपल्याकडील आजीबाईंनाही ठाऊक असल्यामुळे चिंता आणि विचार यांतील भेद मराठी माणसाला निराळा शिकवावा लागत नाही.

तसा हा सूर मराठीला परका नव्हताच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापून निघाले, तेव्हा ओवीच्या ओळखीच्या चालीवर ख्रिस्तचरित्र मराठी श्रोत्यांच्या कानी पडले. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली मोडी लिपीत बाहेर पडला. या दोहोंच्या मधल्या काळात देहूच्या तुकाराम महाराजांनी १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पाहिला होता. त्यात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी आणि मुलगा दगावले, आणि त्यानंतरच्या अभंगांतून विठ्ठलावर भार टाकून निश्चिंत होण्याची भाषा आली. महाराष्ट्राने ती भाषा पाठ केली. परंतु पाठ केलेली निश्चिंती आणि भुकेच्या तोंडावर टिकलेली निश्चिंती यांत अंतर आहे. ते अंतर मोजून पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही. कारण दैवावर भरवसा ठेवून उपाशी मरणे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्रीपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता, आणि तरीही माघार न घेता त्यांनी ते काम चालू ठेवले होते. पुढे रानातला आश्रम सुटला आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. जे मिळे ते दानधर्मात, व्रतांत आणि अनुष्ठानांत जाई. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा गाठीशी काही उरले नव्हते. दागिने गेले, भांडी गेली, अखेर अंगावरचे चांगले कपडेही विकावे लागले. देव कोणत्या तरी रूपाने द्रव्य देईल या आशेवर व्रते मात्र चालूच होती. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर एवढ्यावर त्यांनी काढले. थकलेल्या पित्याने जलसमाधीचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि मिळेल ते हलके काम करीन, मजुरी करीन, असे म्हणाला. पित्याचा बेत त्यामुळे टळला. मृत्यू टळला नाही. थोड्याच दिवसांत वडील गेले, त्यामागून आई गेली, मग थोरली बहीण गेली.

मजुरी करण्याचा विचार इतक्या उशिरा का सुचला, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. अनंतशास्त्री आळशी नव्हते. शास्त्राध्ययनात त्यांनी हाडाची काडे केली होती. पण शारीरिक कष्टाचे काम त्या घरात कोणी शिकले नव्हते, आणि ते करणे विद्वान ब्राह्मणाला कमीपणाचे वाटे. रमाबाईंनी ही हकीकत ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिली. जुन्या श्रद्धेचा फोलपणा दाखवण्याचा हेतू तिच्यामागे आहे, आणि तेवढे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. तथापि भुकेचा जो तपशील त्यात आहे तो कोणत्याही मताच्या सोयीसाठी रचलेला वाटत नाही.

यानंतर भाऊबहीण पायी हिंडत काश्मीरपर्यंत जाऊन आली. थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला; एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाची चोविशी उलटण्यापूर्वी या बाईच्या माहेरचे आणि सासरचे आपले म्हणावे असे माणूस तान्ह्या मुलीवाचून उरले नव्हते. आयुष्य धुक्यासारखे आहे हे त्यांना कोणा याकोबाने शिकवण्याची गरज नव्हती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहून त्यांनी हिंदी विधवांची दुःखे तेथील जनतेपुढे मांडली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च चालवण्याचे अभिवचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्याचे कळल्यावर १८९३ मध्ये मोठे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

याच सुमारास केडगावची गोष्ट सुरू होते. अमेरिकेतील अभिवचनाची मुदत १८९८ साली संपणार होती. मग काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपेपर्यंत टाळला नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली. सुमारे शंभर एकरांचे हे क्षेत्र अवर्षणाच्या पट्ट्यातले. तेथे विहिरी खोदून फळझाडांची बाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा बेत होता. उद्याची चिंता करू नये असे रोज वाचणारी बाई पाच वर्षांनी फळे देणारी झाडे लावीत होती. या दोन गोष्टींत त्यांना कोठे विसंगती दिसली असे त्यांच्या लिखाणावरून वाटत नाही.

आणि मग बेताप्रमाणे काहीच घडले नाही. १८९६ साली पाऊस गेला. मध्यप्रांतातून दुष्काळाच्या भयंकर वार्ता येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत, रस्त्यांवर, झाडांखाली त्यांनी जे पाहिले, त्यात वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे घर त्यांना दिसले. अनाथ मुलींना हेरून पळवणारे लोक तेथे टपलेले होते, हेही त्यांनी पाहिले. असोसिएशनचा पैसा बालविधवांच्या शाळेसाठी होता. या मुलींसाठी त्यांच्यापाशी कसलीच तरतूद नव्हती. तरी तीनशे मुली सांभाळण्याचा संकल्प करून त्या आल्या. इतक्यात पुण्यात प्लेगने थैमान मांडले, नव्या मुली शहरात आणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, आणि फळबागेसाठी घेतलेल्या त्या माळावर झोपड्या व राहुट्या उभ्या राहिल्या. झाडांसाठी काढलेले पाणी माणसांच्या उपयोगी पडले. मुक्ति सदन या नावाने पुढे जगभर प्रसिद्ध झालेली संस्था अशी अवचित, चुकलेल्या बेतावर उभी राहिली.

त्याच १८९७ सालचा दुसरा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण चिंता न करणे म्हणजे निमूट बसणे नव्हे हे त्यातून दिसते. सदनातील एका मुलीला प्लेगच्या संशयावरून इस्पितळात नेण्यात आले आणि ती पुन्हा संस्थेला मिळाली नाही. रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात इस्पितळाच्या व्यवस्थेवर, विशेषतः तरुण स्त्रियांच्या असुरक्षिततेवर, जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारभाराला ते झोंबले, आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचले. ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध ख्रिस्ती बाईने असे लिहावे, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. रमाबाईंना ओळखणाऱ्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते.

या वर्षांत त्यांच्या मनावर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा ठसा होता. म्युलर यांनी हयातीत दहा हजारांहून अधिक अनाथ मुले सांभाळली. माणसांपाशी हात पसरायचा नाही, गरज फक्त देवापुढे मांडायची, असा त्यांचा नेम होता. रमाबाईंनीही पुढे तोच मार्ग पत्करला. कोणा एका मंडळाच्या पगारी अभयाखाली न राहता त्या दिवसेंदिवस येईल त्यावर संस्था चालवू लागल्या. यात थोडा भाबडेपणा दिसेल. पण म्युलर हिशेबाच्या बाबतीत काटेकोर होते, आणि रमाबाईंचे वार्तापत्र देशोदेशीच्या मित्रांकडे नियमाने जात असे. प्रार्थनेसाठी काढलेल्या त्या पत्रातून गरजा देवाबरोबर माणसांनाही कळत होत्या, हे विनोदाने म्हटले तरी खोटे नाही.

१८९९ साली पुन्हा पाऊस गेला आणि छप्पनचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यावर कोसळला. मुक्तीची माणसे तिकडे गेली आणि मुलींचे तांडेच्या तांडे केडगावला आले. १९०० च्या सुमारास तेथे पंधराशेवर माणसे आणि शंभरावर गुरे होती. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, हे ज्याने लग्नाची एखादी पंगत सांभाळली आहे त्याला सांगावे लागणार नाही. धान्य, सरपण, पाणी, औषध, कपडा, यांतील एकही गोष्ट प्रार्थनेच्या वेळी आपोआप दारात येऊन पडत नाही. मुली शेतात राबल्या, विणकाम शिकल्या, तेलाचा घाणा चालवू लागल्या, गोठा सांभाळू लागल्या, आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींसाठी शाळा निघाली आणि तेथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. अनंतशास्त्र्यांच्या घरात जे काम शिकवले गेले नव्हते, ते हातांचे काम त्यांच्या मुलीने प्रत्येकीला शिकवले. वडिलांच्या आणि मुलीच्या श्रद्धेत अनेक भेद होते. त्यांतला सर्वांत खोल भेद, बारकाईने पाहिल्यास, देवाच्या नावात नसून या ठिकाणी आहे. वडिलांचा देव द्रव्य देणार होता म्हणून हात थांबले होते; मुलीचा देव देणार होता म्हणून हात मोकळे झाले होते.

केडगावच्या कार्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. उपाशी मुलींना आसरा देऊन त्यांना ख्रिस्ती करणे न्याय्य होते काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. ज्या मुलीला जाण्यास दुसरी जागा नाही तिच्या धर्मांतराला मनापासूनचे म्हणावे की नाही, हे ठरवणे कठीण आहे. शारदा सदन काढताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची जी भाषा होती, ती केडगावला उरली नव्हती. रमाबाईंचे उत्तर सरळ होते: आपल्याला जे मिळाले ते आपण देत आहो. टीकाकारांचे म्हणणेही निराधार नव्हते. मात्र त्या मुलींना उचलून आणण्यासाठी मध्यप्रांताच्या त्या रस्त्यांवर दुसरे कोण गेले होते, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांपैकी थोड्यांनाच देता आले असते.

निजामाच्या राज्याशीही या घराण्याचा संबंध आला. १९१२ साली गुलबर्ग्यास रमाबाईंनी ख्रिस्ती हायस्कूल सुरू करण्यास हातभार लावला आणि मनोरमाबाई त्याच्या मुख्याध्यापिका झाल्या. गुलबर्गा तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, आणि मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने तो मुलूख फार मागासलेला होता. त्याच संस्थानात, हैदराबादच्या उत्तरेस मेदक येथे, वेस्लियन मिशनचे चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी दुष्काळात लोकांना फुकट धान्य वाटण्याऐवजी काम देऊन अन्न दिले, आणि त्या श्रमांतून दहा वर्षे खपून मेदकचे भव्य चर्च उभे राहिले. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. भिक्षेपेक्षा काम बरे, हा विचार केडगाव आणि मेदक या दोन्ही ठिकाणी एकाच दुष्काळी भूमीतून उगवला होता. हैदराबादेतील विद्यानगरात ज्यांच्या नावाचे रुग्णालय आहे त्या दुर्गाबाई देशमुखांनी पुढे आंध्र महिला सभेच्या द्वारे निराधार स्त्रियांना शिक्षण आणि हातात धंदा देण्याचे जे काम केले, त्याचा धर्माशी संबंध नव्हता. परंतु बुडत्या बाईला आधी काय द्यावे याविषयीचे त्यांचे उत्तर फारसे निराळे नव्हते.

मराठी ख्रिस्ती समाजातील दुसरे एक उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. संतकाव्याचे, विशेषतः तुकोबांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. उद्याची चिंता करू नये हा उपदेश त्यांच्या स्वभावातच होता. पैसा हाती आला की तो कोणा गरजवंताच्या हाती जाई. घरात पाहुणे येत, अनाथ मुले येत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, देवाचा दरबार काढला आणि संन्याशाच्या वृत्तीने उरलेली दोन वर्षे काढली. ९ मे १९१९ रोजी ते वारले. परंतु टिळकांच्या या निश्चिंतीची किंमत कोणी भरली, हे कळण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचावी लागतात. संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा होता. त्यांनी तो रडून सांगितलेला नाही; नवऱ्यावर जीव असलेल्या बाईने ज्या मिस्किलपणाने तक्रार करावी तशी केली आहे, म्हणून वाचणारा हसतो आणि हसता हसता थबकतो. पाखराने कोठार बांधू नये हे खरे, पण घरट्यात पिले असली की कोणी तरी दाणे आणावेच लागतात. मराठी घरांत, मग ती कोणत्याही धर्माची असोत, पुरुषाच्या वैराग्याचा हिशेब बहुधा बायकोच्या वहीत लिहिलेला सापडतो. रमाबाईंपाशी असा हिशेब दुसऱ्यावर टाकण्याची सोय नव्हती. भरवसा ठेवणारी आणि दाणे आणणारी बाई एकच होती. त्यांच्या निश्चिंतीला टिळकांच्या निश्चिंतीहून अधिक वजन यावे याचे कारण तेथे शोधता येईल.

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेतलेले सर्वांत मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. संस्कृतात आयुष्य घालवलेल्या पंडितेने संस्कृत शब्द गाळीत बसावे ही विलक्षणच गोष्ट. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९०४ च्या सुमारास सुरू झालेले हे काम अठरा वर्षे चालले. तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीस होते, श्रवणशक्ती कमी होत चालली होती, आणि आपल्या कुळात दीर्घायुष्य लाभलेली माणसे किती, हे त्यांना चांगले ठाऊक होते. संस्थेचा व्याप सांभाळून पहाटेपासून त्या भाषांतराला बसत. आयुष्य क्षणभंगुर मानणाऱ्याने अठरा वर्षांचे काम अंगावर घ्यावे यात काहींना विरोध दिसेल. पण रोज किती ओळी होतात एवढेच पाहणाऱ्याला अठरा वर्षांचा आकडा भिववीत नाही. आजचे काम आज, हा त्या गिरिप्रवचनाचा अर्थ त्यांनी लेखणीने लावला असे म्हणता येईल.

संस्थेच्या भविष्याविषयी त्यांनी एक योजना मात्र केली होती. आपल्यामागे मनोरमेने मुक्तीचा भार घ्यावा अशी व्यवस्था त्यांनी १९२० साली ठरवली. मनोरमाबाई परदेशी शिकून आलेल्या, आईच्या उजव्या हातासारख्या, संस्थेचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेल्या. २४ जुलै १९२१ रोजी त्या चाळिसाव्या वर्षी वारल्या. पूर्वीच्या फळबागेसारखाच हाही बेत निराळ्याच वाटेने गेला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एकुलती एक मुलगी गेल्यानंतर, या बाईला उद्याच्या चिंतेविषयी कोणी काय सांगावे? त्या पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या. मुक्तीची जबाबदारी संस्थेतील सहकारी मिस हेस्टी यांच्याकडे गेली.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. चौसष्ट वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते. भाषांतर पुरे झाले होते. मुद्रिते तपासून होईपर्यंत दहा दिवसांची मुदत त्यांनी प्रार्थनेत मागितली होती आणि तेवढीच त्यांना मिळाली, अशी आठवण मुक्तीत सांगितली जाते. दोन वर्षांनी, १९२४ साली, ते संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणारे, कागद चढवणारे आणि पाने शिवणारे हात मुक्तीतल्या स्त्रियांचे होते, आणि त्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी कोणाच्याही येण्याची कल्पना विहिरी खोदवणारीला नव्हती.